साताऱ्याचं शाहू बोर्डिंग: सगळ्या जातींच्या पोरांचं वसतिगृह चालवायचं तर पैसे कुणी द्यायचे?

गेल्या दिवाळीपासून आम्ही पाच जण पुण्यात एक छोटं वसतिगृह काढायच्या मागे लागलोय. दहा-बारा पोरांचं. अकरावीला नाहीतर डिप्लोमाला गावाकडून आलेली, घरातून पहिल्यांदाच कुणीतरी शहरात शिकायला बाहेर पडलंय अशी पोरं. कॉट बेसिसवर एका खोलीत सहा जण, मेसचे वेगळे, डिपॉझिट वेगळं, आणि महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात एकवेळ जेवून भागवायचं, हे आम्ही पाचही जणांनी केलेलं आहे त्यामुळे वसतिगृह का पाहिजे हे कुणाला समजावून सांगावं लागलं नाही. अडलं ते पैशावर. एक गृहस्थ बरीच मोठी रक्कम द्यायला तयार झाले, अट एकच, पोरं आपल्या समाजाचीच घ्यायची. त्या दिवशी आमच्यात जोरदार वाद झाला. दोघं म्हणाले घेऊन टाका, कुणाची का असेनात पोरं तर शिकतील. दोघं म्हणाले एक रुपयासुद्धा नको. मला दोन्ही बाजू खऱ्या वाटत होत्या आणि मला काही बोलता आलं नाही.

म्हणून मी साताऱ्याच्या श्री छत्रपती शाहू बोर्डिंगचं प्रकरण पुन्हा मुळापासून वाचायला घेतलं. ते काढणाऱ्या कर्मवीर भाऊराव पाटलांचं चरित्र शाळेत धड्यातून झालेलं असतं, दाढीवाला फोटो प्रत्येक ऑफिसात असतो, पण मला चरित्र नको होतं. मला हिशेब पाहिजे होता. धान्य कुठून आलं, जागा कुठून आली, भाकऱ्या कुणी थापल्या, आणि संस्थेच्या मागे एक ठरावीक समाज उभा नसताना ते बोर्डिंग टिकलं कसं.

आधी कोल्हापूर बघावं लागतं, त्याशिवाय साताऱ्यात काय वेगळं झालं ते कळत नाही.

राजर्षी शाहू महाराजांनी १८९६ मध्ये सगळ्या जातींसाठी मिळून एकच वसतिगृह काढून बघितलं होतं. कागदावर ते सगळ्यांचं, पण प्रत्यक्षात तिथं टिकली ती ब्राह्मण मुलंच, बाकीच्यांची तिथं राहायची सोयच नव्हती, म्हणजे खोली असेल हो पण पंगत, सोवळं, व्यवस्थापन सगळं एकाच हातात असल्यावर खेड्यातलं पोर किती दिवस राहणार. मग महाराजांनी रस्ता बदलला. १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग, त्याच वर्षी जैन बोर्डिंग, पुढं मुसलमान मुलांसाठी, लिंगायतांसाठी, १९०८ मध्ये अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग, अशी एकापाठोपाठ एक वसतिगृहं उभी राहिली आणि कोल्हापूरला वसतिगृहांची जननी म्हणायला लागले. जागा आणि मदत दरबारची, पण चालवायची जबाबदारी त्या त्या समाजाच्या मंडळींवर.

हे मॉडेल मी आधी मनातल्या मनात नावं ठेवूनच बघत होतो, जातवार बोर्डिंग म्हणजे जात पक्की करणं असं. पण हिशेबाच्या नजरेनं बघितलं की त्यातली ताकद कळते. जातीच्या बोर्डिंगला देणगीदार शोधत फिरावं लागत नाही. लग्नात, यात्रेत, समाजाच्या सभेत उभं राहून सांगितलं की आपली पोरं आहेत, की खिशात हात जातो. वतनदार असतो, व्यापारी असतो, एखादा वकील असतो. आणि ज्या समाजाकडं शिक्षणाचा गंधही पोचू दिला नव्हता त्याला आपली म्हणून हक्काची एक इमारत मिळणं ही केवढी मोठी गोष्ट होती, हे मी आज पुण्यात बसून हलकं करू शकत नाही.

पण त्याच मॉडेलमधून एक पोरगा बाहेर फेकला गेला. भाऊराव, जन्म २२ सप्टेंबर १८८७ चा, कुंभोजचा, शिकायला कोल्हापुरात आणि राहायला जैन बोर्डिंगमध्ये. मिस क्लार्क बोर्डिंगच्या कार्यक्रमाला तो गेला, परत आल्यावर आंघोळ करून मगच आत ये असं सांगितलं, त्यानं आंघोळ करायला नकार दिला आणि बोर्डिंग सुटलं. म्हणजे ज्या वसतिगृहानं त्याला छप्पर दिलं त्याच वसतिगृहाच्या नियमानं ते काढून घेतलं. पुढं महाराजांनी त्याची सोय केली ते सोडा. माझ्या मते पुढची सगळी गोष्ट या आंघोळीपाशी सुरू होते, कारण नंतर भाऊरावांनी जेव्हा जेव्हा बोर्डिंग काढलं तेव्हा पंगत एकच ठेवली, त्यात तडजोड नाही.

दुधगावला मित्रांबरोबर त्यांनी आधी विद्यार्थी आश्रम काढलेलाच होता. मग ४ ऑक्टोबर १९१९ ला कराडजवळच्या काले गावात सत्यशोधक समाजाच्या परिषदेत रयत शिक्षण संस्थेची स्थापना झाली. संस्थेची उद्दिष्टं बघा, मागासलेल्या वर्गातल्या मुलांत शिक्षणाची आवड निर्माण करायची, गरिबांच्या मुलांना होईल तेवढं मोफत शिकवायचं, वेगवेगळ्या जातीधर्माच्या मुलांत एकमेकांबद्दल प्रेम निर्माण करायचं, मुलांना काटकसरी आणि स्वावलंबी करायचं. १९२४ मध्ये संस्था साताऱ्याला आली आणि तिथं सगळ्या जातीधर्मांच्या मुलांचं एकत्र बोर्डिंग सुरू झालं. महार, मांग, मराठा, मुसलमान, जैन, ब्राह्मण, सगळी पोरं एका छताखाली आणि एका पंगतीत.

इथं एक गोष्ट माझ्या आधी लक्षातच आली नव्हती. रयतचं पहिलं हायस्कूल १९४० चं आहे, महाराजा सयाजीराव हायस्कूल, साताऱ्यातच. म्हणजे १९१९ पासून २१ वर्षं संस्थेकडं स्वतःचं हायस्कूल नव्हतं. शिक्षण संस्था नाव लावलेल्या संस्थेनं आधी काय केलं तर राहायची आणि जेवायची सोय. शाळा साताऱ्यात होत्याच. पोरगा बुद्धीनं कमी नव्हता, फी एकवेळ माफ झाली असती, पण त्यानं रात्री झोपायचं कुठं आणि सकाळी खायचं काय याला उत्तर नव्हतं, आणि पोरगा महाराचा मांगाचा असला तर पैसे असून पण खोली मिळत नव्हती. भाऊरावांनी नेमकी हीच गाठ धरली. इमारत, मास्तर, प्रयोगशाळा हा खर्च दुसऱ्यांनी केलेला आहे, तिथपर्यंत पोरगा पोचवायचा फक्त. कमी पैशात सगळ्यात जास्त पोरं शिकवायची असतील तर याच्याइतकी शहाणपणाची सुरुवात मला दिसत नाही, आणि आम्ही पाच जण मात्र पहिल्या मीटिंगपासून क्लासेस, करिअर गायडन्स, लायब्ररी असलं काय काय लिहीत बसलो होतो.

आता पैसे.

सगळ्या जातींचं बोर्डिंग म्हणजे पैशाच्या बाबतीत कुणाचंच नाही. मराठा देणगीदार म्हणणार तिथं महाराची पोरं पंगतीला असतात, जैन व्यापारी म्हणणार तुमचं स्वतःचं बोर्डिंग आहे की कोल्हापूरला, आणि ज्यांची पोरं सगळ्यात गरजेची त्यांच्याकडं द्यायला काही नाही. सातारा इंग्रजी मुलखात, म्हणजे पाठीशी दरबार पण नाही. म्हणून भाऊरावांना पैशाची रचनाच उलटी करावी लागली, एक मोठा देणारा नाहीच असं धरून चालायचं.

त्यांच्याकडं एक भांडवल होतं जे हिशेबाच्या वहीत दिसत नाही. ते आधी ओगल्यांचे कंदील आणि किर्लोस्करांचे लोखंडी नांगर विकत गावोगाव फिरलेले होते. नांगर विकायचा म्हणजे शेतकऱ्याच्या बांधावर जाऊन बसायचं, त्याची जमीन बघायची, त्याला पटवायचं, उधारीचं बोलायचं. कोणत्या गावात कोण पाटील मोठ्या मनाचा आहे, कुणाच्या खळ्यावर किती रास पडते, कुणाचं पोर हुशार आहे पण गुरं राखतंय, हे सगळं त्यांना ठाऊक होतं. आजच्या भाषेत तयार नेटवर्कच. सुगीत खळ्यावर जाऊन धान्य मागायचं, घरातल्या बाईनं रोज दळायच्या आधी एक मूठ बाजूला काढून ठेवायची आणि ती बोर्डिंगला द्यायची, हा मुष्टिफंड याच ओळखीवर उभा राहिला.

मूठभर धान्यामागं मोठा विचार आहे असं मला वाटतं. रोख पैसा शेतकऱ्याकडं नसतोच, असतो तो सावकाराचा. पण जोंधळा असतो. आणि जो हजार रुपये देतो तो अट घालतो, जी बाई मूठभर जोंधळे देते ती अट घालत नाही, ती फार फार तर विचारते पोरं नीट जेवतात ना. शंभर घरांतून मूठ मूठ आली की कुणा एकाचा हात बोर्डिंगच्या मानेवर येत नाही. शिवाजी कॉलेजच्या वेळची गोष्ट तर साताऱ्याकडं अजून सांगतात, कुणीतरी मोठी देणगी देतो पण कॉलेजचं नाव बदला म्हणाला तेव्हा एकवेळ बापाचं नाव बदलीन पण शिवाजी महाराजांचं बदलणार नाही असं अण्णांनी, म्हणजे भाऊरावांनी, सुनावलं म्हणून. असं सुनवायला मागं मुठीमुठीनं भरलेली कणगी लागते.

दुसरा भाग पोरांच्या अंगमेहनतीचा. बोर्डिंगात नोकरचाकर नाहीत. स्वयंपाक, पाणी, लाकूडफाटा, झाडलोट, धुणं, शेतातलं काम, पुढं पुढं बांधकामाला हात लावणं, सगळं पोरांनी करायचं. "स्वावलंबी शिक्षण हेच आमचे ब्रीद" हे नुसतं बोधवाक्य नव्हतं, तो बजेटमधला सगळ्यात मोठा आकडा होता, फक्त जमेच्या बाजूला रुपयांत लिहिलेला नाही. आणि याचा दुसरा परिणाम माझ्या मते जास्त मोलाचा. पोरगा फुकट जेवत नाही. त्यानं सकाळी पाणी भरलंय, त्यामुळे त्याच्या ताटातली भाकरी कुणाची मेहेरबानी नाही. आणि महाराच्या पोरानं थापलेली भाकरी मराठ्याचं पोर खातंय, मराठ्याच्या पोरानं वाढलेलं आमटीचं पाणी मांगाचं पोर खातंय, हे रोज, वर्षभर, भाषण न करता. जातीवर व्याख्यान देऊन जे होत नाही ते कामाच्या पाळीनं होतं. ज्या वर्गाला पिढ्यान् पिढ्या फुकटात राबवलं त्याच्या पोराला पुन्हा राबायला लावायचं का, हा आक्षेप माझ्या मनात आला होता, पण इथं राबणं सगळ्यांना सारखं होतं, पाटलाच्या पोराला पण खराटा होता, म्हणून तो आक्षेप मला इथं लागू वाटत नाही. ज्या वसतिगृहात फी भरणारा बसून खातो आणि न भरणारा काम करतो तिथं तो शंभर टक्के लागू होतो, हे आमच्या नियमावलीत मी लाल शाईनं लिहिलंय.

मी स्वतः कॉलेजात असताना विद्यापीठाच्या कमवा व शिका योजनेत काम केलेलं आहे, ती योजना कर्मवीरांच्याच नावानं आहे. बागेत पाणी, नंतर लायब्ररीत पुस्तकं लावणं. पैसे थोडे होते पण मेसच्या काकांपुढं मान खाली घालायची वेळ आली नाही, त्यामुळे हा मुद्दा मला पुस्तकातून कळलेला नाही.

आणि आता वहिनींबद्दल. हे प्रकरण वाचताना मी इथं सगळ्यात जास्त वेळ थांबलो.

लक्ष्मीबाई, भाऊरावांच्या पत्नी, पोरं त्यांना वहिनी म्हणायची. कर्मठ जैन पाटील घरात वाढलेल्या, सोवळ्याओवळ्यात लहानाच्या मोठ्या झालेल्या बाई. नवऱ्यानं घरात सगळ्या जातीची पोरं आणून ठेवली तेव्हा त्यांना काय वाटलं असेल, किती रात्री झोप लागली नसेल, याचा कुणी हिशेब ठेवलेला नाही. पण त्या बदलल्या, आणि बदलल्या त्या अशा की आजारी पोराच्या उशाला त्याच बसायच्या. बोर्डिंगात धान्य संपलं की त्यांचा एक एक दागिना जायचा, माहेरून आलेलं स्त्रीधन असंच संपलं, आणि एके दिवशी घरात काहीच उरलं नाही, पोरं उपाशी राहणार अशी वेळ आली तेव्हा त्यांनी गळ्यातलं मंगळसूत्र काढून दिलं. ही गोष्ट रयतमध्ये शिकलेल्या प्रत्येकाला माहीत असते आणि ती सांगताना सगळ्यांचा आवाज बदलतो, माझाही बदलतो.

पण प्रकरण म्हणून बघायचं तर या गोष्टीसमोर नुसते हात जोडून पुढं जाता येत नाही. मंगळसूत्र विकायला लागलं याचा अर्थ त्या दिवशी बोर्डिंगकडं एका दिवसाचासुद्धा साठा नव्हता. मुष्टिफंड सुगीला येतो आणि पोटं बाराही महिने असतात, मधली जी भेग होती ती एका बाईच्या सोन्यानं आणि कष्टानं बुजवली गेली. लक्ष्मीबाई १९३० मध्ये वारल्या. संस्थेचं पहिलं हायस्कूल त्यांनी बघितलं नाही, कॉलेज बघितलं नाही. आपण भाऊरावांना संस्थापक म्हणतो ते बरोबरच आहे, पण पहिली सहा वर्षं साताऱ्याचं बोर्डिंग आर्थिकदृष्ट्या जिवंत ठेवणारी सगळ्यात मोठी देणगीदार कोण होती असं मला कुणी विचारलं तर मी वहिनींचं नाव घेईन. आणि आज जे कुणी वसतिगृह काढतायत त्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे की यातली भक्ती घ्या पण हा फायनान्सचा मार्ग घेऊ नका. आमच्या पाच जणांत एकाच्या बायकोनं परवा सहज म्हटलं सुरुवातीला स्वयंपाक मी बघेन, आणि आम्ही सगळ्यांनी लगेच हो म्हणून टाकलं, कुणी पगाराचं बोललंच नाही. ते आठवून मला रात्रभर अस्वस्थ वाटलं.

पुढचा टप्पा बाहेरच्या मान्यतेचा. २५ फेब्रुवारी १९२७ ला महात्मा गांधींच्या हस्ते बोर्डिंगचं श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस असं नामकरण झालं. नावाची निवड बघा, ज्या राजानं जातवार बोर्डिंगं काढली त्याचंच नाव सगळ्या जातींच्या बोर्डिंगला. माझ्या वाचनात यात विरोध नाही, शिष्यानं गुरूचं काम जिथं थांबलं होतं तिथून पुढं नेलं इतकंच. गांधीजींनी नंतर हरिजन सेवक संघाकडून वर्षाला ५०० रुपयांची मदत सुरू करून दिली. पुणे करारानंतर त्याच विचारानं पुण्यात युनियन बोर्डिंग हाऊस निघालं, १९३५ मध्ये साताऱ्यात सिल्व्हर ज्युबिली रूरल ट्रेनिंग कॉलेज, म्हणजे खेड्यांसाठी शिक्षक घडवायची सोय. बोर्डिंगातून निघालेली पोरं मास्तर होऊन खेड्यात परत जायला लागली. त्याच बोर्डिंगातले पी. जी. पाटील लंडनला जाऊन बॅरिस्टर झाले आणि पुढं शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू झाले. शिकून बाहेर पडलेला माणूस परत संस्थेला जोडलेला राहतो, हा रयतचा खरा एंडोमेंट फंड, म्हणजे कायमची पुंजी.

पण सरकारी अनुदान वाढलं तशी एक नवी भीती आली. गांधीजींच्या हत्येनंतरच्या काळात भाऊरावांचा सरकारशी वाद झाला आणि बाळासाहेब खेरांच्या मुंबई सरकारनं संस्थेचं अनुदान बंद केलं. एवढा पसारा झालेला, शाळा, बोर्डिंगं, शिक्षकांचे पगार, आणि नळ एका सहीनं बंद. तेव्हा पुन्हा कामाला आली ती जुनीच मुळं, लोक उभे राहिले, आणि गाडगेबाबा स्वतः खेरांकडं गेले, ज्यांच्या अंगावर धड कपडा नाही त्या माणसानं मुख्यमंत्र्याला सांगितलं आणि अनुदान पुन्हा सुरू झालं. मला यात चमत्कारापेक्षा व्यवहार दिसतो. ज्या संस्थेची देणगी फक्त एका टेबलावरून येते तिला कुणीही त्या टेबलावर वाकवू शकतं, मग ते टेबल समाजाच्या पुढाऱ्याचं असो नाहीतर मंत्रालयातलं.

भाऊराव ९ मे १९५९ ला गेले, त्याच वर्षी पद्मभूषण मिळालं होतं. आज रयतच्या सातशेच्या वर शाखा आहेत. पण माझं प्रकरण १९२४ ते १९३० पुरतंच आहे, कारण आम्ही सध्या तिथं आहोत, म्हणजे शून्यावर.

मग आम्ही काय केलं. मागच्या रविवारी हे सगळं मी बाकी चौघांसमोर मांडलं. जास्त तर वाद झालाच नाही, कारण आकडे मांडल्यावर बऱ्याच गोष्टी आपोआप सुटल्या. आजच्या पोराकडं १९२४ च्या पोराकडं नव्हतं असं काहीतरी आहे, सरकारी वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या पात्र विद्यार्थ्याला स्वाधार योजनेतून पुण्यासारख्या शहरात वर्षाला ६०,००० रुपयांपर्यंत मिळतात, इतर प्रवर्गांसाठी पण निर्वाह भत्त्याच्या योजना आहेत. पोराचा फॉर्म वेळेत भरून घेणं, उत्पन्नाचा दाखला, बँक खातं आधारला जोडलेलं आहे का बघणं, हे आमचं पहिलं काम ठरलं, मुष्टिफंडाच्या आधी. दुसरं, गावाकडून धान्य आणायचं. आमच्यातल्या तिघांच्या घरी शेती आहे, ज्वारी आणि तांदळाचं वर्षाचं भागेल असं दिसतंय. रोख देणगी महिना दोनशे-पाचशेची, जास्तीत जास्त माणसांकडून, आणि एका माणसाकडून वर्षाच्या खर्चाच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त घ्यायचं नाही. तीन महिन्यांचं धान्य आणि भाडं हातात असल्याशिवाय पहिला पोरगा घ्यायचा नाही, हे वहिनींमुळं ठरलं. झाडलोट आणि भांडी पाळीनं सगळ्यांना, फी भरणाऱ्यालासुद्धा, पण परीक्षेच्या पंधरा दिवसांत सूट. आणि स्वयंपाकाला पगारी मावशी पहिल्या दिवसापासून. बजेट त्यामुळे बाराचं नऊ पोरांवर आलं. चालेल.

त्या गृहस्थांना मी आणि आमच्यातला एक मित्र जाऊन भेटलो. नाही म्हणायला गेलो होतो. चहा झाला, मी त्यांना पंगतीचं सांगितलं, कोल्हापूरच्या त्या आंघोळीचं पण सांगितलं. ते बराच वेळ गप्प बसले आणि म्हणाले माझे वडील पण बोर्डिंगातच शिकले होते, विचार करून कळवतो. अजून फोन आलेला नाही. जागा मिळालीये, दोन खोल्या, एक मोरी, मागं थोडी मोकळी जागा, आणि ज्वारीची पहिली चार पोती पुढच्या शनिवारी एसटीच्या पार्सलनं येतायत.